राक्षसाला वाघाचं तोंड कुणी दिलं?

फासे आणि फाटे : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले की दर रविवारी दुपारी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती सहा-सात मुलं वीस बाजूंचा फासा टाकत बसतात आणि त्यांची सूत्रधार मी असते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे खेळाचं नावही लिहिलं होतं. गणिताच्या निवृत्त बाईंना हे काय सुचलं, असं विचारणारी पत्रं आली. काही रागावलेली होती, बाकीची कुतूहलाची. त्यांतली सहा इथे घेते. एकाचं उत्तर फार लांबलंय, बाकीच्यांनी राग मानू नये.

नातू नववीत आहे. सुटीत मित्रांबरोबर फासे घेऊन बसतो आणि जेवताना सांगतो, "आज आम्ही तीन राक्षस मारले, माझा जादूगार मेला." आमच्या घरात कधी कुणी तीन पत्तीसुद्धा खेळलं नाही. हे फासे घरात असू द्यावेत का?
— एक आजी, दाणाओळी, लष्कर

आजी, फाशांचा धाक आपल्याकडे आजचा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचं अख्खं सूक्त आहे. बायको दुरावली, सासू तोंड बघत नाही, आणि तरी पटावर बेहड्याच्या बिया खुळखुळल्या की याचे पाय तिकडेच वळतात. शेवटी त्याला सांगणं आहे, फासे खेळू नकोस, शेती कर. तेव्हा तुमची काळजी रास्त आहे. पण तुमच्या नातवाच्या खेळात पैसा लावायची जागाच नाही. त्यात कुणी जिंकत नाही आणि कुणी हरतही नाही.

होतं असं. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र घेतात. सूत्रधार म्हणतो, "वाड्याची मागची भिंत दहा हात उंच आहे आणि पावसानं निसरडी झालीय." नातू म्हणतो, "मी चढतो." चढेल की पडेल हे ना सूत्रधार ठरवत, ना नातू. तिथे फासा पडतो. बारा किंवा वर दान पडलं तर चढला, नाहीतर धप्पकन खाली. मग पुढे काय, ते दोघं मिळून रचतात. मी एकदा सावंतवाडीकडे दशावतार पाहिला होता. त्यातल्या नटांच्या हातात संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, संवाद मात्र उभ्या उभ्या सुचेल तसे. तोच प्रकार समजा, फक्त मधे फासा आहे आणि रात्र जागवावी लागत नाही.

१९७४ च्या जानेवारीत अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी हा खेळ पहिल्यांदा विकायला काढला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, अवघ्या १००० प्रती. पुढे दहा वर्षांत तिथल्या काही आईबापांनी यावर सैतानपूजेचा आरोप करून मोठा गहजब केला. त्यातून काही निघालं नाही.

आमच्या सासूबाईंना पहिला फासा सापडला तो त्यांच्या पानाच्या डब्यात. भाच्यानं दिवाळीत पुण्याहून आणला होता आणि घरंगळत तिथे गेला होता. त्यांना वाटलं ग्रहशांतीचा खडा. दोन दिवस तो देव्हाऱ्यात होता, गंधाचं बोट लागलेला. मी काही बोलले नाही. तुम्ही एकच करा. नातवाला विचारा, जादूगार मेला तो कशानं? अर्धा तास बोलेल. नववीतला मुलगा आजीशी अर्धा तास बोलतो, हे मी पस्तीस वर्षं शाळेत घालवून सांगते, फार वेळा घडत नाही.

या खेळात राक्षसाला वाघाचं डोकं आणि उलटे तळहात असतात. अंगात रेशमी झगा, हातात चिलीम. रामायणात असं कुठे आहे? हा आपल्या पुराणांचा अपमान नाही का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, बडोदा

अपमानाचं नंतर बघू. आधी हा प्राणी आला कुठून ते पाहू, कारण ती गोष्ट अपमानापेक्षा मजेदार आहे.

हा राक्षस खेळात आला १९७५ मध्ये आणि १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या पुस्तकात पक्का झाला. गायगॅक्सनं त्यासाठी वाल्मीकी उघडलेला नव्हता. १९७४ मध्ये अमेरिकेत टीव्हीवर एक भीतिकथांची मालिका चालू होती. तिच्या एका भागात राक्षस येतो. तुमचा ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास, त्याचं रूप घेऊन तो जवळ येतो आणि मंतरलेल्या बाणानंच मरतो. गायगॅक्सला ते आवडलं. खेळातला राक्षसही रूप बदलतो, मनातलं ओळखतो आणि आशीर्वाद दिलेल्या बाणानं मरतो. झगा आणि चिलीम ही डेव्हिड ट्रॅम्पियर या चित्रकाराची करामत. ते चित्र इतकं फक्कड जमलं की गेली पन्नास वर्षं सगळे त्याचीच नक्कल करतायत. आता बडोद्याचा मुलगा राक्षस म्हटल्यावर आधी वाघ डोळ्यांसमोर आणतो. तुला दोष देत नाही, माझंही तेच होतं.

पण सुंदरकांडाचा सतरावा सर्ग काढ. अशोकवनात सीतेभोवती बसलेल्या राक्षसिणींचं वर्णन आहे. एक एकाक्षी, एकीला एकच कान, एकीचे कान एवढे मोठे की अंगावर पांघरून घ्यावेत. आणि मग एक सामासिक शब्द येतो, 'वराहमृगशार्दूलमहिषाजशिवामुखीः'. डुकराच्या, हरणाच्या, वाघाच्या, रेड्याच्या, बोकडाच्या, कोल्हीच्या तोंडाच्या. म्हणजे वाघतोंडी राक्षसीण वाल्मीकीकडे आहे. मात्र ती सहांतली एक आहे. त्याच लंकेत हनुमानाला देखणे राक्षसही दिसतात. वाल्मीकीचा राक्षस म्हणजे एक साचा नव्हे. उत्तरकांडात तर या नावाची उपपत्तीच वेगळी दिली आहे. ब्रह्मदेवानं पाणी निर्माण केलं आणि ते राखायला जीव निर्माण केले. 'रक्षाम' म्हणाले ते राक्षस, 'यक्षाम' म्हणाले ते यक्ष. मुळात हे पाण्याचे राखणदार!

तळहातांचं म्हणशील, तर आपल्या हडळीची पावलं उलटी असतात हे तुला आजीनं सांगितलं असेलच. त्याचा या तळहातांशी नातेसंबंध मी लावणार नाही. पण मुलं उलट्या हातांनी घाबरत नाहीत आणि उलट्या पावलांचं नाव काढलं की टेबलाखाली पाय ओढून घेतात, हा अनुभव आहे.

आता अपमान. हा खेळ सगळ्यांच्याच घरातून उचलेगिरी करतो. बाबिलोनची आदिमाता तिआमत इथे पाच डोक्यांची ड्रॅगन झाली. अरबी कथांतला बहामूत हा पृथ्वीचा भार सांभाळणारा प्रचंड मासा, तो इथे उडायला लागला. फ्रान्समधल्या तारास्कों गावचा तारास्क नावाचा अक्राळविक्राळ प्राणी, ज्यूंचा मातीचा जिवंत पुतळा गोलेम, जर्मन खाणींतलं भूत कोबोल्ड, सगळे एकाच पुस्तकात अक्षरांच्या क्रमानं उभे. (या कोबोल्डवरूनच कोबाल्ट धातूचं नाव पडलं, हे मी दहावीला शिकवताना सांगत असे आणि तेवढंच मुलांच्या लक्षात राही.) इंग्रज कादंबरीकार टोल्किनचे हॉबिट नावाचे बुटके लोकही उचलले होते. मालकांनी वकिलाची भाषा काढल्यावर त्यांचे 'हाफलिंग' झाले. राक्षसांच्या बाजूनं नोटीस द्यायला कुणी नव्हतं, एवढाच फरक. आणि रस्ट मॉन्स्टर नावाचा लोखंड खाणारा प्राणी तर हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांच्या पुडीतून आला. ते खेळणं नेमकं कुठल्या प्राण्याचं, हे कुणालाच कळेना, म्हणून त्यांनी नवा प्राणी केला.

म्हणून मला उचलण्याचा राग नाही. राग आहे तो गोष्ट मागे ठेवून नुसतं मुंडकं उचलण्याचा. खेळात राक्षसाला 'हिट पॉइंट' असतात. वार करत राहा, आकडा शून्यावर आला की मेला. आपल्या पोथ्यांत असा कुणी मेलाय? हिरण्यकश्यपूचे हिट पॉइंट किती होते? प्रश्नच चुकीचा. त्याला वर होता. ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर, ना माणसाकडून ना पशूकडून. त्या वरात एक फट राहिली आणि त्या फटीतून नरसिंह आला. रावणानं देव-दानवांपासून अभय मागितलं, माणसाला किडामुंगी समजून वगळलं. आपल्याकडे राक्षस मारणं हे तलवारीचं काम कमी आणि वकिलाचं काम जास्त आहे. गंमत अशी की तो मंतरलेला बाण, ज्याच्यावर गायगॅक्स भाळला, ती याच जातीची गोष्ट आहे. म्हणजे आपल्या कथेचा गाभा टीव्हीतून वळसा घालून का होईना, थोडा पोचला होता.

माझ्या टेबलावर मी राक्षसाचे आकडे काढून टाकले. त्या जागी वर लिहिला. मागच्या श्रावणात मुलांसमोर एक राक्षस होता, 'उभ्या माणसाच्या हातून मरण नाही' असा. तीन रविवार मार खाल्ला. पळाले, पुजाऱ्याला गाठलं, त्याच्या जुन्या पोथीतून वराचे शब्द काढले. चौथ्या रविवारी सातवीतली एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, म्हणाली, "मी साष्टांग नमस्कार घालते आणि तिथूनच भाला मारते." फासा टाकायलाच लावला नाही मी.

अजूनही अपमान वाटत असेल तर तुझ्या टेबलावर त्या राक्षसाला त्याचं कूळ दे, बाप दे, शाप दे. चिलीम राहू दे हवी तर.

दहा बाजूंच्या फाशावर ० पडलं की दहा का मोजतात? आणि फासे महाग पडतात, कवड्या चालतील का?
— नववीतली वाचक, ग्वाल्हेर

हा प्रश्न ग्वाल्हेरच्या मुलीनं विचारावा! अगं, किल्ल्यावर जा. ग्वाल्हेर दरवाज्यातून वर चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, एका खडकात कोरलेलं इवलंसं. त्यात इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी १८७ हात रुंद आणि २७० हात लांब जमीन दिली, रोज ५० हार द्यायचे, असा मजकूर. २७० आणि ५० मधलं शून्य आज आपण काढतो तसंच, छोटं वाटोळं. जगातल्या शून्याच्या जुन्यात जुन्या कोरीव नोंदींत ते गणलं जातं. पुजाऱ्याला विचारलंस तर तो बोट ठेवून दाखवील.

फाशावरचं ० म्हणजे त्या दहातलं एकक. दहाच्या घरातला १ लिहायला जागा नाही, म्हणून नुसतं ०. सुरुवातीच्या काळात तर दहा बाजूंचा फासाच नव्हता. वीस बाजूंच्या फाशावर ० ते ९ दोनदा छापलेलं असे, आणि आकडे दिसावेत म्हणून मेणाच्या खडूनं घासून भरायला लागत. तुझ्या संचातले ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचे पाच फासे म्हणजे प्लेटोच्या नावानं ओळखले जाणारे पाच नियमित घन. दहाचा त्यांत बसत नाही. त्याच्या बाजू पतंगाच्या आकाराच्या असतात. भाच्यानं माझ्या हातावर वीस बाजूंचा ठेवला तेव्हा मला गोष्टीतलं काहीच कळत नव्हतं. आयकोसाहेड्रॉन हातात आलाय एवढंच कळलं, आणि मी अडकले ती अडकलेच.

कवड्या चालतात, पण हिशेब बदलतो. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक दान सारखं, शंभरात पाच वेळा. सहा कवड्या टाकल्या आणि पालथी-उताणी पडण्याची शक्यता सारखी धरली, तर ६४ प्रकार होतात. त्यांतले २० प्रकार 'तीन उताण्या' देतात आणि 'सहाच्या सहा उताण्या' फक्त एक. म्हणजे मधलं दान नेहमी पडणार, टोकाचं क्वचित. तीन साधे फासे एकत्र टाकले तरी हेच, अठरा पडायला २१६ त एक संधी. मला स्वतःला कवड्यांचा स्वभाव आवडतो, पात्रं माणसासारखी वागतात. पण खरी कवडी पाठ-पोट सारखी नसते. आधी तुझी प्रत्येक कवडी शंभरदा टाक आणि वहीत मांड. सुटीत करायला एवढा गृहपाठ पुरे.

कर्णाची अलाइनमेंट कोणती? आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन आठवडे भांडण चालू आहे.
— चार मित्र, इंदूर

दोनच आठवडे? आमच्याकडे लोक दोन हजार वर्षं भांडतायत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. या खेळात प्रत्येक पात्राला नऊ खणांतल्या एका खणात बसवतात. एका दिशेला नियम पाळणारा ते नियम मोडणारा, दुसऱ्या दिशेला भला ते बुरा. मुळात फक्त नियम आणि बेबंदशाही हीच विभागणी होती. ती पॉल अँडरसन आणि मायकल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून आली. भलं-बुरं नंतर चिकटलं. 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षसजात सगळीच्या सगळी 'नियम पाळणारी आणि बुरी' ठरवून मोकळे झाले. बिभीषण कुठे बसवायचा? प्रह्लाद? पाताळात गेलेला बळी, ज्याचं राज्य परत यावं म्हणून आपण दर पाडव्याला ओवाळताना म्हणतो, तो असुर कुठल्या खणात?

कर्णाला खण नको, कर्णाला शाप द्या. त्या माणसाचं सगळं चरित्र दिलेल्या शब्दांनी आणि मिळालेल्या शापांनी बांधलेलं आहे. आणि इथे तुमच्या खेळाचाच एक जुना नियम कामी येतो. पूर्वी जादूगार सकाळी मंत्र पाठ करत असे आणि एकदा वापरला की तो मंत्र डोक्यातून पुसला जाई. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाची. पुष्कळ खेळाडूंना ती पटत नाही. "पाठ केलेलं असं कसं विसरेल?" परशुरामाचा शाप विचारा म्हणावं. ऐन वेळी ब्रह्मास्त्र आठवणार नाही. इंद्रानं दिलेली शक्ती एकदाच वापरता येणार, ती अर्जुनासाठी जपून ठेवलेली, आणि चौदाव्या रात्री घटोत्कचावर खर्च झाली. एवढी बिकट निवड मी गेल्या सहा वर्षांत टेबलावर घडवू शकलेले नाही. इथून तिथे काही गेलं असं मी म्हणत नाहीये. दोन्हीकडे एकच गोष्ट ठाऊक होती, की अस्त्र संपणारं असलं तरच त्याची गोष्ट होते.

भांडण मिटलं नाही तर दुर्योधनाच्या भावावर, विकर्णावर भांडा. भर सभेत द्रौपदीच्या बाजूनं बोलला आणि लढला दुर्योधनाकडूनच. तो जास्त अवघड आहे.

देवांनाही या खेळात आकडे दिलेत म्हणे. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, ग्वाल्हेर

दिलेत. १९७६ च्या एका पुस्तिकेत आणि १९८० च्या 'डेइटीज अँड डेमीगॉड्स'मध्ये ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन देवांच्या रांगेत आपले इंद्र, अग्नी, वरुण, यमही आहेत. पहिल्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेतच संपादकानं कान उपटले होते. ओडिनसारख्या देवाला ३०० हिट पॉइंट, तिथे तुमच्या चव्वेचाळिसाव्या पातळीच्या सरदाराला कोण विचारतो, अशा अर्थाचं. म्हणजे हेतू नम्रपणा शिकवायचा होता. झालं उलटंच. आकडा दिसला की मुलं तो शून्यावर कसा आणायचा याचाच विचार करतात.

झ्यूसची आज कुणाच्या घरी रोज आरती होत नाही. आपल्या देवांची होते, हा फरक मला मोठा वाटतो. इंद्राचं मला एवढं काही वाटत नाही. पुराणांनीच त्याला इतक्या वेळा सिंहासनावरून खाली ओढलंय की आणखी एकदानं काय बिघडणार! पण माझ्या टेबलावर देव लढायला येत नाहीत. ते वर द्यायला येतात आणि देऊन पस्तावतात.

मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना मराठीतून हा खेळ शिकवायचा आहे. ड्रॅगन, किल्ले, बर्फ असलं नको. आपल्या मातीतलं कथानक कुठून आणू? रामायण-महाभारताला हात लावायची भीती वाटते, शेवट सगळ्यांना माहीत असतो.
— एक बाबा, इंदूर

भीती बरोबर आहे. मी पहिल्याच वर्षी लाक्षागृह खेळायला घेतलं होतं. पहिल्या दहा मिनिटांत मुलांनी भुयार विचारलं. संपलं.

तुम्हाला मी घराजवळची गोष्ट देते. ग्वाल्हेरहून डबऱ्याच्या बाजूला, सिंध आणि पार्वती नद्यांच्या संगमावर पवाया नावाचं खेडं आहे. ती जुनी पद्मावती. तिसऱ्या-चौथ्या शतकात तिथे नाग घराण्याचे राजे होते. त्यांची नाणी सापडतात आणि समुद्रगुप्तानं हरवलेल्या राजांच्या यादीत गणपतिनागाचं नाव प्रयागच्या स्तंभावर कोरलेलं आहे. खेळाच्या पुस्तकातला नाग म्हणजे माणसाच्या तोंडाचा, पुरलेलं धन राखत बसणारा साप. आमच्याकडचे नाग टांकसाळ चालवत होते. पवायात मिळालेली शिल्पं किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालातल्या संग्रहालयात ठेवली आहेत. मी नव्या मुलांना पहिल्या रविवारी टेबलावर न बसवता तिथे नेते आणि सांगते, यातलं जे आवडेल त्याचं चित्र काढा, पुढच्या रविवारी तो जिवंत असेल.

भवभूतीनं आठव्या शतकात 'मालतीमाधव' लिहिलं ते याच पद्मावतीत घडतं. भवभूती विदर्भाचा, आणि त्याचा नायक माधवही विदर्भातल्या कुंडिनपुराहून इकडे तर्कशास्त्र शिकायला आलेला. परगावी शिकायला गेलेला मराठी मुलगा, अभ्यास सोडून प्रेमात! आता पुढचं बघा. पिंजऱ्यातून सुटलेला वाघ शहरात शिरतो, आणि माधवचा मित्र मकरंद त्याला मारताना स्वतः जबर जखमी होतो. कामंदकी नावाची बौद्ध भिक्षुणी पडद्यामागून सगळ्यांची लग्नं जुळवतेय. राजाच्या मर्जीतल्या नंदनाला मालती द्यायचं ठरतं, तेव्हा मकरंद बाईचा वेष घेऊन बोहल्यावर उभा राहतो. पाचव्या अंकात माधव रात्री मसणात भुतांना माणसाचं मांस विकायला जातो. तिथे अघोरघंट हा कापालिक मालतीचा चामुंडेपुढे बळी द्यायला निघालाय. त्याची शिष्या कपालकुंडला आकाशातून उडते आणि गुरूच्या वधाचा सूड म्हणून पुढे मालतीला पळवते. तिला परत आणायला लागते दुसरी सिद्ध योगिनी, सौदामिनी. वाघ, वेषांतर, मसण, उडणाऱ्या बाया. आणि शाळेत संस्कृत घेतलेल्यांनासुद्धा शेवट ठाऊक नसतो, ही खात्री बाळगा.

माधव आणि मालती खेळायला देऊ नका, त्यांचं त्यांना पुरे आहे. मुलींना मकरंद द्या, कामंदकीच्या शिष्या द्या, नगराचा पहारेकरी द्या, एखादीला कपालकुंडलेची भांडून आलेली धाकटी बहीण होऊ द्या. अघोरघंटाला हिट पॉइंट देऊ नका. त्याला एक व्रत द्या, जे मोडलं की त्याची सिद्धी जाते. कुठलं ते मुलींना शोधू द्या. एका रविवारात वाघ पुरतो. मसण दुसऱ्या रविवारी, आणि तेही दिवे लागणीनंतरच. मुलींच्या आयांना आधी सांगून ठेवा.

पवायाला यायचं झालं तर थंडीत या. रस्ता खेड्यापाड्यांतून जातो, तिथे खायला काही मिळत नाही, पाणी बरोबर घ्या. मुरैन्याची गजक आणायचं काम माझ्याकडे. आणि कवड्या विसरू नका. संगमाच्या वाळूत वीस बाजूंचा फासा एकदा घरंगळला की सापडत नाही. आमचे दोन तिथेच आहेत.